जुना रेल्वे रूळ: निघाला तर काय, वापरायचा तर कसा? नेहमीचे प्रश्न

पेठेतला वाडा पाडताना, मुळशीकडच्या प्लॉटवर जेसीबी लावल्यावर किंवा आजोबांच्या गोठ्याचं छप्पर उतरवताना रूळ निघतो आणि आम्हाला फोन येतो. आमचं काम पुण्यात फॅब्रिकेशनचं: गेट, ग्रिल, शेड. त्यात रुळाचं काम थोडं, पण प्रश्न बारमाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. फोन करण्याआधी वाचा, निम्मे फोन वाचतील.

आमच्या जागेत रूळ निघाला. तो आमचाच ना?

बहुतेक वेळा हो, पण सिद्ध करायची वेळ आली तर तुमच्यावर येते. १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा आहे. रेल्वेचा माल चोरीचा किंवा गैरमार्गाने आलेला असल्याचा सबळ संशय असेल, तर तो आपल्याकडे रीतसर आला हे ज्याच्या ताब्यात सापडला त्यानेच दाखवायचं असतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे काम आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, बघतं आणि लोखंडाच्या बाबतीत ते गमतीवर घेत नाहीत.

घाबरायचं कारण नाही, कारण रेल्वे स्वतःच बाद झालेले रूळ लिलावात विकत आली आहे. शंभर वर्षांपूर्वी तुळई म्हणून घातलेला रूळ असाच आलेला असणार. फक्त तो काढण्याआधी, जागेवर असतानाच फोटो काढा. भिंतीत रुतलेला, चुना लागलेला, वर फरशी असलेला. रूळ अंगणात आडवा आल्यावर काढलेल्या फोटोला काही अर्थ नाही. पाडकामाच्या मजुरांना आणि कॉन्ट्रॅक्टरला साक्षीला ठेवा आणि घराची जुनी कागदपत्रं हाताशी असू द्या.

रेल्वेलाईनच्या कडेला वर्षानुवर्षं गंजत पडलेला तुकडा उचलला तर कुणाचं काय जातं?

तुमचं जातं. वरचं उत्तर पुन्हा वाचा. कडेला पडलेले रूळ पुष्कळदा टाकून दिलेले नसतातच. तडा गेला तर बदलायला हाताशी असावेत म्हणून ठेवलेला तो साठा असतो. आणि रुळाला पाय फुटत नाहीत हे गँगमनलाही माहीत आहे.

मग विकत कुठे मिळतो?

रेल्वेचं भंगार आता ऑनलाईन लिलावात, आयआरईपीएस या पोर्टलवर विकलं जातं. तिथे नोंदणी लागते, डिजिटल सही लागते आणि माल टनांच्या ढिगाने जातो. दोन खांबांसाठी तो खटाटोप कुणी करत नाही. सामान्य माणसाने लिलावातून माल उचलणाऱ्या भंगार व्यापाऱ्याकडे जावं. भोसरी-चिखली पट्ट्यात पूर्वी पाहिजे ते मिळायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेची कारवाई झाली आणि कुदळवाडीतली बरीच दुकानं उठली, त्यामुळे आता जरा फिरावं लागतं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी नि बुधवारी रुळाचे खिळे, कंदील, एखादी फिशप्लेट (दोन रूळ टोकाला जोडणारी लोखंडी पट्टी) असं किरकोळ दिसतं, अख्खा रूळ तिथे शोधू नका.

बिल घ्याच. जीएसटीचं बिल, काट्याची पावती आणि जमलं तर व्यापाऱ्याच्या लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स. "बिल कशाला साहेब, दोन रुपये कमी लावतो" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

आमचा रूळ कुठला आणि किती जुना, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात मजेचा प्रश्न हा. रुळाचे तीन भाग: वर डोकं, मध्ये उभी पट्टी, खाली रुंद पाय. उभ्या पट्टीवर तारेच्या ब्रशने घासा आणि तिरका टॉर्च मारा. उठावाची अक्षरं दिसतील. कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार, महिना-वर्ष आणि फारच जुना असेल तर ज्या रेल्वे कंपनीसाठी घडवला तिची आद्याक्षरं. अक्षरं गंजाने बुजली असतील तर खडूची पूड चोळून वरून हात फिरवा, उठाव उघडा पडतो.

अक्षरं नसतील तर माप घ्या. तळाच्या पायापासून डोक्यापर्यंतची उंची १७२ मिलिमीटर भरली तर ६० किलोचा, १५६ भरली तर ५२ किलोचा, १४३ च्या आसपास असेल तर ९० आर. किलो म्हणजे एका मीटरचं वजन. आर वाले जुने ब्रिटिश मापाचे, त्यातला आकडा एका यार्डाचे पौंड सांगतो. ९० आर म्हणजे मीटरला साधारण ४४.६ किलो, ७५ आर ३७ किलो, ६० आर जेमतेम ३० किलो. डोकं झिजलेलं असेल तर उंची काही मिलिमीटर कमी भरते, तेव्हा पायाची रुंदीही मोजा. ६० किलोचा पाय १५० मिलिमीटर, ५२ किलोचा १३६.

पुण्यात हलके रूळ का निघतात, असं लोक विचारतात. मिरजेकडची लाईन मुळात मीटरगेज होती आणि १९७१ च्या सुमारास ती ब्रॉडगेज झाली. मीटरगेजला हलका रूळ चालायचा. शिवाय खाणी, धरणांची कामं, साखर कारखाने इथल्या ट्रॉल्यांचे त्याहून बारके रूळ असायचे. तेही शेतांतून निघतात आणि त्यांचा रेल्वेशी काही संबंध नसतो.

क्वचित एखादा रूळ असा निघतो की त्याला पायच नसतो, वर-खाली सारखंच डोकं. हा फार जुना प्रकार. वरची बाजू झिजली की उलटा करून वापरायचा, अशी त्यामागची कल्पना होती. पण ज्या बिडाच्या खुर्चीत तो बसायचा तिथे खालच्या डोक्याला खाचा पडायच्या आणि उलटल्यावर गाडी खडखडायची. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये आली, बोरघाटातली लाईन १८६३ मध्ये खुली झाली. त्या काळाच्या जवळपासचा तुकडा हाती लागला तर कृपा करून कटर लावू नका.

पोलाद की जुनं घडीव लोखंड?

कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवा आणि ठिणग्या बघा. पोलादी रुळाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, भरपूर फाटे असलेल्या. घडीव लोखंडाच्या लांब, तांबूस रेषा निघतात आणि टोकाला जेमतेम फुटतात. घडीव लोखंडाचा रूळ कधीकधी प्लायवूडसारखा थराथराने सुटलेला दिसतो. तो भार घ्यायला देऊ नका. चांगला लोहार मात्र असा तुकडा बघून खूश होईल.

जमिनीत गाडलेला रूळ शोधायचा कसा आणि काढायचा कसा?

टोक दिसत असेल तर दिशा कळते. पुढे दर दोन फुटांवर पहार ठोकत जा, लोखंडाला लागल्याचा आवाज दगडापेक्षा वेगळा येतो. आपल्याकडे काळा पाषाण भरपूर, त्यामुळे सुरुवातीला फसगत होते, थोड्या वेळाने कान तयार होतो. पहार ठोकण्याआधी मात्र त्या जागेतून महावितरणची केबल किंवा पाण्याची लाईन जात नाही ना, ते विचारून घ्या.

काढताना मधे धरून उचलायचा प्रयत्न करू नका. एक टोक मोकळं करा, पहारीने उचकटा, खाली ठोकळा सारा, मग पुढचं. पावसाळ्यात काळ्या मातीत हे काम काढूच नका. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि रूळ जवळजवळ स्वतःच सुटतो.

किती माणसं लागतील? छोटा हत्ती पुरेल का?

१३ मीटरचा ५२ किलोचा अख्खा रूळ ६७६ किलोचा. वजनाला छोटा हत्ती एक वेळ तग धरेल, लांबीला नाही. जागेवरच कापून न्या. ९० आरचा सहा फुटी तुकडा ८० किलोच्या वर जातो. दोघांत उचलता येतो, पण उचलायचा नाही, पाइपच्या तुकड्यांवरून ढकलायचा किंवा चेन ब्लॉकने उचलायचा. रूळ हातातून सुटला की कुठल्याही बाजूला कलंडतो, त्याच्या वाटेत पाय नको.

वाड्याच्या छताला रूळ आहेत. ठेवावेत का?

जुन्या पुण्यात आणि कॅम्पातल्या बंगल्यांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. तीन-चार फुटांवर एकेक रूळ आणि मधे विटांच्या बुटक्या कमानी. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या या छतांना लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे बघत नाहीत. रूळ मध्यावर सहसा ठणठणीत असतो. खराब होतो तो टोकाला, भिंतीत शिरतो तिथे. न्हाणीघराची, मोरीची किंवा पावसाचं पाणी झिरपणारी भिंत असेल तर आत गंज फुगतो आणि भिंतीला आडवी भेग पडते. टोकाशी चुना खरवडा, हातोडीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. पापुद्रे गळायला लागले तर मोजपट्टी काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

एक रूळ "नुसता बघायला" म्हणून काढू नका. कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात, मधला एक गेला की शेजारच्याही ढिल्या होतात. आधी टेकू, मग बाकीचं.

आणि वाडा रिडेव्हलपमेंटला देत असाल तर करारातलं राडारोड्याचं कलम वाचा. पाडकामातलं लोखंड, सागवान, दगड सगळं कॉन्ट्रॅक्टरचं, असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि सह्या झाल्यावर मालकांना रूळ आठवतात. हवे असतील तर नग आणि लांबी लिहून सह्यांच्या आधीच वगळून घ्या.

नव्या शेडला किंवा पोटमाळ्याला रूळच बीम म्हणून टाकला तर? एवढा दणकट आहे.

दणकट आहे, पण बीमच्या कामाचा नाही. ५२ किलोचा रूळ वाकायला जितका विरोध करतो, जवळपास तितकाच विरोध बाजारात मिळणारा २०० चा आय-बीम करतो, आणि त्याचं वजन मीटरला जेमतेम २५ किलो. म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी तुम्ही भिंतीवर दुप्पट लोखंड चढवताय. रूळ चाकाखाली झिजू नये म्हणून बनवलेला असतो, त्याचं बरंचसं लोखंड डोक्यात असतं.

दुसरी गोष्ट, बाद झालेला रूळ का बाद झाला ते आपल्याला ठाऊक नसतं. फिशप्लेटच्या बोल्टच्या भोकांपाशी केसाएवढ्या भेगा असतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. साधा बीम ओव्हरलोड झाला तर आधी वाकून इशारा देतो. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त, तो भेगेपाशी इशारा न देता तुटू शकतो. डोक्यावर माणसं झोपणार असतील तिथे नको. विहिरीवर कप्पी टांगायला, ओढ्यावर बैल उतरतील एवढ्या साकवाला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रूळ टाकत आलेत, त्याला माझी हरकत नाही. भोकाचा भाग कापून टाका एवढंच.

कापायचा कशाने?

घाई असेल तर गॅस कटिंग. पण गॅसने कापलेली कड कडक आणि ठिसूळ होते, तिथे पुढे भोक पाडणं किंवा वेल्ड करणं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही १४ इंची चॉपसॉ किंवा बँडसॉ वापरतो. चॉपसॉमध्ये रूळ उलटा, म्हणजे पाय वर करून घट्ट बांधा. डोकं शेवटी येतं आणि व्हील सगळ्यात जास्त खातं ते डोकंच. हाताने धरायच्या ग्राइंडरने अख्खा रूळ कापायचं धाडस काही जण करतात. व्हील अडकून फुटलं की काय होतं, ते एकदा पाहिलेला माणूस करत नाही. नुसता चष्मा किंवा गॉगल नव्हे, पूर्ण तोंडावरची काच लावा.

साधा वेल्डिंगवाला जोडून देईल का?

देईल. रोज गेट जोडतो तसाच ६०१३ रॉड लावेल, टाका सुंदर दिसेल आणि गार होताना कडेने "टक्क" असा आवाज येईल. तो आवाज भेगेचा. रुळात कार्बन ०.६ ते ०.८ टक्क्यांच्या घरात असतो, साध्या अँगलच्या तिपटीहून जास्त. तापलेल्या टाक्याच्या कडेचं लोखंड भोवतालच्या थंड लोखंडामुळे झटकन गार होतं आणि काचेसारखं ठिसूळ बनतं.

नीट करायचं तर ७०१८ चा लो हायड्रोजन रॉड, तोही भट्टीत वाळवलेला. दोन्ही तुकडे आधी ३०० अंशांच्या वर तापवायचे, खडूने खूण करून पाहायचं (त्या त्या तापमानाला वितळणारे खडू मिळतात), आणि काम झाल्यावर कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्यायचं. पाणी मारलं की गेलं. एवढं करायचं नसेल तर बोल्टने जोडा. रुळाचा आकार बोल्टसाठीच आहे, आणि जुन्या फिशप्लेटा भंगारात स्वस्त मिळतात.

भोक पडत नाही. बिट जळतो.

वेग कमी करा, दाब वाढवा. कोबाल्टचा बिट, भरपूर कूलंट, आधी बारीक भोक आणि मग मोठं. भोक शक्यतो उभ्या पट्टीत पाडा. डोक्यात पाडायला जाऊ नका, चाकांखाली चेचून ते आणखी कडक झालेलं असतं. मुळातच फिशप्लेटची भोकं असलेलं टोक मिळालं तर फुकटात काम झालं.

ऐरण करायची आहे. कुठला तुकडा घ्यावा?

रुळाचा सगळ्यात चांगला घरगुती उपयोग माझ्या मते हाच. लोक फूट-दीड फुटाचा तुकडा आडवा ठेवतात, वरचं गोल डोकं घासून सपाट करतात आणि त्यावर ठोकत बसतात. हातोडा बसतो त्या जागेखाली मात्र बोटभर जाडीची पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी हलते आणि ठोक्याचा जोर वाया जातो. तोच तुकडा उभा करा. ठोक्याखाली आता दीड फूट पोलाद आहे, हातोडा उसळून वर येतो. जागा लहान मिळते, पण विळ्याला धार काढायला, छिन्नी शेकून घडवायला, खिळा सरळ करायला तेवढी पुरे.

वरचं टोक ग्राइंडरने सपाट करून कडा गोल करा. तुकडा बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून बसवा, ओंडक्याची उंची अशी ठेवा की उभं राहून हात सोडला तर मूठ ऐरणीला टेकावी. आवाज फार घुमला तर पायाला साखळी गुंडाळा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि हातोड्याचं कडक तोंड थेट ऐरणीवर कधी आपटू नका, कपची उडून डोळ्यात जाते.

कुंपणाला, फाटकाला खांब म्हणून?

उत्तम. रेल्वे स्वतः आपल्या हद्दीच्या कुंपणाला हेच करते. सात फुटी खांबाचे सव्वादोन-अडीच फूट जमिनीत जाऊ द्या. काळ्या मातीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर दर पावसाळ्यात माती फुगेल आणि दोन वर्षांत फाटक एकमेकांना नमस्कार करायला लागेल. काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच आणून बाहेरच्या बाजूला उतरतं करा. खांब नेहमी जमिनीच्या रेषेवर गंजतो, तिथे पाणी साचायला नको. बिजागरी क्लॅम्पने बसवा.

सरकत्या गेटला पट्टी म्हणून?

घरगुती गेटला गरज नाही. उलटा अँगल पुरतो. ट्रॉलीचा बारका रूळ असेल तर बसवा, छान चालतो.

शाळेसारखी घंटा करायची आहे.

तुमच्या पिढीची शाळा सुटायची ती बऱ्याच ठिकाणी रुळाच्या तुकड्यावरच. मधोमध टांगू नका, आवाज बसका येतो. तुकडा आडवा, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर टांगा. तीन फुटी तुकड्याला हे अंतर आठ इंच भरतं. कंप सुरू असताना तुकडा त्या दोन ठिकाणी हलत नाही, म्हणून दोरी आवाज खात नाही. ठोका मध्यावर द्या. टांगायला जाड साखळी आणि वर भरवशाचा आधार हवा, खाली मुलं उभी राहणार आहेत.

गंज काढून रंग कोणता द्यावा?

सुटा गंज तारेच्या ब्रशने, मग रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंटचे दोन हात. गंजाचा तपकिरी रंगच आवडत असेल तर कोरड्या जागी जवसाचं तेल पुसून ठेवा. जुना शेंदरी रंग लागलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका आणि जाळू तर मुळीच नका. गाडीचं जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे. ते पहिल्याच पावसात मातीत उतरतं, आणि विहीर जवळ असेल तर पुढे कुठे जातं ते सांगायला नको.

सोबत लाकडी स्लीपर निघाले. परसबागेत वाफे करू?

भाजीचे नको. बऱ्याच स्लीपरना क्रिओसोट पाजलेलं असतं, काळपट दिसतात आणि उन्हात डांबरासारखा वास येतो. बंबात किंवा चुलीतही घालू नका. वास न येणारा, पिवळसर रेषांचा सागवानी तुकडा निघाला तर सुताराला दाखवा.

एवढी कटकट नको. विकून टाकू का?

टाका, पण नगावर नाही, वजनावर. दारात आलेला माणूस "एका रुळाचे इतके" म्हणतो, तेव्हा त्याला माप माहीत असतं आणि तुम्हाला नसतं. उंची मोजा, वर दिलेल्या आकड्यांवरून मीटरचं वजन काढा, लांबीने गुणा, आणि मग काट्यावर चला. फोटो आणि कागद दाखवूनच विका, विकल्याची पावतीही ठेवा. ऐरणीपुरता दीड फूट मात्र आधी कापून घ्या.